घेतलेला नेम आणि मोडलेला दिवस

अजिंठ्याची लेणी पाहायला येणाऱ्याला स्वतःची गाडी लेण्यांच्या पायथ्याशी नेता येत नाही. जळगावहून संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर फर्दापूरच्या टी-पॉइंटला ती लावायची आणि उरलेले चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जायचे, असा नियम आहे. गाड्यांच्या धुराने भिंतींवरची चित्रे खराब होऊ नयेत म्हणून तो केला. पूर्वी लोक थेट वर गाड्या नेत. आज कोणी नेत नाही, आणि त्यासाठी कोणाला मनाशी काही ठरवावे लागत नाही.

त्या बसवर चालक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक मामा फर्दापुरात राहतात. अर्धे गाव त्यांना मामा म्हणते, पण त्यांची खरी भाची जळगावला असते. तंबाखू आणि दारू सोडू पाहणाऱ्यांशी बोलणे, त्यांच्या घरी फोन करून विचारपूस करत राहणे हे तिचे रोजचे काम. मामा माळकरी. पंढरपुरात माळ घातली त्याच दिवशी त्यांनी तंबाखूही सोडली आणि पुन्हा कधी तोंडात धरली नाही. टी-पॉइंटच्या बाजारात त्यांच्या मुलाचे रंगीत दगडांचे, स्फटिकांचे दुकान आहे. त्याने यंदा गुढीपाडव्याला तंबाखू सोडली आणि अक्षय्य तृतीया यायच्या आत पुन्हा धरली. तेव्हापासून बापलेकांत बोलणे नाही. आषाढी जवळ आली तशी भाची मुद्दाम समजूत घालायला आली. त्या संध्याकाळी मी तिथे होतो. दोघांनाही मी ओळखतो, दोघांचाही मला आदर आहे, आणि त्यांचे बोलणे नवे वर्ष आले की काहीतरी ठरवणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या कामाचे आहे असे वाटल्याने ते इथे देतो आहे.

मामा: नेम मोडला की मोडला. पाव मोडला, अर्धा मोडला, असं काही नसतं.

भाची: दादा तीन आठवडे राहिला मामा. इतक्या वर्षांत तो तीन दिवस राहिला नव्हता.

मामा: आणि चौथ्या आठवड्यात? गुढीसमोर हात जोडून बोलला होता. मी म्हटलं, विचार करून बोल. केलाय म्हणाला. आता त्यानं माझ्याशी काय बोलावं आणि मी त्याच्याशी काय बोलावं?

भाची: तुम्ही कशी सोडलीत ते सांगा ना.

मामा: त्यात सांगण्यासारखं काय आहे? माळ घातलेले पुष्कळ लोक तंबाखू खातात. माळेला मटण चालत नाही, दारू चालत नाही, तंबाखू चालते म्हणतात. मी म्हटलं, गळ्यात माळ आणि गालात तंबाखू, हे मला जमणार नाही. वाळवंटात डबी रिकामी केली. संपलं. एकदा ठरवलं की रोज रोज ठरवावं लागत नाही. आज एकच खाऊ, उद्यापासून सोडू, ही डोक्यातली कटकटच जाते. नेमाचा फायदा तोच आहे.

मामांचे हे बोलणे वरवर घेण्यासारखे नाही. १९३० साली गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगातून साबरमतीच्या आश्रमाला दर मंगळवारी पत्रे लिहिली. पुढे ती 'मंगल प्रभात' नावाने पुस्तकात आली. त्यांत व्रत घेण्याच्या गरजेवर एक पत्र आहे. 'शक्यतो पाळीन' म्हणणारा माणूस एक तर आपला दुबळेपणा दाखवतो किंवा आपला अहंकार, असे त्यांचे म्हणणे. मला ते अनुभवाने पटलेले आहे. 'कमी करतो' म्हणणाऱ्याला प्रत्येक पुडीपाशी स्वतःशी नव्याने वाद घालावा लागतो, आणि वाद घालून घालून दमलेला माणूस कधीतरी हरतोच. ज्याने दारच लावून घेतले त्याला हा वाद नाही. आजकाल नेम, व्रत हे शब्द जुनाट ठरवून 'हळूहळू बदल करा' असा सल्ला सरसकट दिला जातो. तो ऐकताना मला मामांसारखी माणसे आठवतात. भाचीलाही ते नाकारायचे नव्हतेच.

भाची: ठरवणं खोटं असं मी म्हणतच नाही. पण पंढरपूरहून परत आल्यावर तुमचं काय काय बदललं, ते तुम्ही कधी सांगत नाही.

मामा: काय बदललं?

भाची: संध्याकाळी हरिपाठाला जायला लागलात. डेपोत ज्यांच्यात बसून मळायचात, त्यांची बैठक सुटली. आणि गळ्यात माळ दिसली की समोरचा माणूसच पुडी पुढे करत नाही. दादाच्या गळ्यात काय आहे? त्याच्या दुकानाला लागून टपरी. शेजारचा दुकानदार सकाळी आधी हात पुढे करतो, मग बोलतो. गिऱ्हाईक नसलं की दुपार सरत नाही.

मामा: म्हणजे दोष टपरीचा.

भाची: दोष कोणाचा ते राहू द्या. इतकी वर्षं बस चालवलीत, टी-पॉइंटला गाडी लावायची म्हटल्यावर लोक कुरकुरायचे की नाही?

मामा: भांडायचे. आई म्हातारी आहे, सामान आहे, अमक्या साहेबांची ओळख आहे.

भाची: आणि शेवटी?

मामा: शेवटी बसमध्ये बसायचे. जाणार कुठे?

भाची: त्यांच्यातल्या किती जणांनी चित्रांची काळजी वाटून गाडी सोडली?

मामा: फार थोड्यांनी. बाकीच्यांना दुसरी वाटच नव्हती.

भाची: मला तेवढंच म्हणायचंय. माणसं तीच राहिली, वाट बदलली. अमेरिकेचे सैनिक व्हिएतनामहून परतत होते तेव्हाची, १९७१च्या सुमाराची गोष्ट आहे. तिथे पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेलेला. हे सगळे आता आपल्या शहरांत येऊन काय करतील म्हणून सरकार घाबरलं होतं. ली रॉबिन्स नावाच्या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. व्यसनी झालेल्यांपैकी शंभरातले पाचच जण घरी आल्यावर वर्षभरात पुन्हा त्यात अडकले. एरवी उपचार घेऊन बाहेर पडणाऱ्यांतले कितीतरी जण परत अडकतात, कारण ते परततात त्याच गल्लीत, त्याच मित्रांत.

मामा: युद्धातून सुटले म्हणून सुटले.

भाची: होय. ती जागा सुटली. दादाची सुटलेली नाही.

मामा: मग काय, दुकान बंद करू म्हणतेस? घर त्याच्यावर चालतं.

इथे भाची अडली. मला वाटते, या बाजूने बोलणारे सगळेच इथे अडतात. आजूबाजूचे बदला, सोबत बदला, हा सल्ला ज्याला परवडतो त्याच्यासाठी सोपा आहे. ज्याची भाकरीच टपरीच्या शेजारी आहे त्याने काय करावे? कायदा ती वाट पुरती बंद करू शकलेला नाही. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे गावातल्या पोरांना विचारावे लागत नाही. साधी तंबाखू आणि चुना तर उघड विकला जातो. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. त्यांत ओढणारे चारांच्याही आत, बाकी सगळी तंबाखू तोंडातली, गालातली, दातांवरची. विडीचा निदान धूर दिसतो. ही दिसतही नाही, म्हणून तिला कोणी हटकत नाही.

मामांना भाचीचे गप्प होणे दिसले आणि त्यांनी आपला सर्वांत मोठा दाखला पुढे केला.

मामा: जागा बदलल्याशिवाय माणूस बदलत नाही म्हणतेस. मग नागपूरला काय झालं? १४ ऑक्टोबर १९५६. बाबासाहेबांनी आधी स्वतः दीक्षा घेतली, मग लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. माणसं परत गेली ती आपापल्या गावातच. वस्ती तीच, मालक तेच, पाणवठा तोच. तरी घरातले देव निघाले, श्राद्ध बंद झालं, पिंडदान बंद झालं. दारू पिणार नाही हीसुद्धा त्यातली एक प्रतिज्ञा. माझ्याबरोबर डेपोत एक जण होता, त्याचे वडील नागपूरहून आले ते पुन्हा गुत्त्याकडे फिरकले नाहीत. किती पिढ्यांची सवय होती ती! एका दिवसात सोडली.

भाची: याच्यापुढे मी काय वाद घालू? पण एका दिवसात शब्द दिला गेला मामा, सवय एका दिवसात नाही गेली. पुढे विहार उभे राहिले. वंदना सुरू झाली. लग्नं नव्या पद्धतीनं लागायला लागली, बुद्ध पौर्णिमा आली, पोरांची नावं बदलली. अजून वर्षावासात विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. जुनं काढलं आणि तिथली जागा रिकामी ठेवली नाही.

मामा: ते सगळं नंतर. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. ज्यांच्यासमोर शब्द दिला तेच राहिले नाहीत आणि तुझी ती व्यवस्था अजून उभी राहायची होती. त्या मधल्या दिवसांत लोकांना कशानं धरून ठेवलं? दिलेल्या शब्दानंच ना?

भाची: शब्दानंच. पण तो शब्द कोणी एकट्यानं दिला नव्हता. नवऱ्यानं दिला तो बायकोनं ऐकला, बायकोनं दिला तो शेजारणीनं ऐकला. अख्खी वस्ती एकमेकांची साक्षीदार होती. दादानं गुढीसमोर शब्द दिला तेव्हा ऐकायला कोण होतं? तुम्ही एकटे. आणि त्याचा पाय घसरला त्या दिवशी तुम्ही बोलणं बंद केलंत.

मामा काही बोलले नाहीत. हे ऐकेपर्यंत दोघांचे भांडण मला ओळखीचे वाटत होते: एकाच्या मते मनाचा निग्रह मोठा, दुसरीच्या मते परिस्थिती मोठी. बावीस प्रतिज्ञांचा दाखला मधे आला आणि ते दोन्ही अपुरे आहेत हे माझ्या लक्षात आले. निग्रह होताच, परिस्थिती तर विरोधातच होती. तरी नेम टिकला, कारण तो अनेकांनी मिळून घेतला होता आणि एकमेकांत राहून पाळला होता. आपण मात्र संकल्प अगदी खाजगी करून टाकला आहे. डायरीच्या पहिल्या पानावर लिहायचा, कोणाला सांगायचा नाही, कारण मोडला तर शोभा होईल. मग तो मोडतो तेव्हाही कोणाला कळत नाही, आणि पुन्हा धरायला कोणी हातही देत नाही.

भाचीने यानंतर जे सांगितले ते फर्दापुरात बसून सांगावे असेच होते.

भाची: तुम्ही ज्या लेण्यांपर्यंत लोकांना सोडायचात, तिथे राहणारे काय करत होते? नेमच पाळत होते ना? बारा नंबरच्या लेण्यात दगडात कोरलेले बिछाने आहेत, एकेका खोलीत दोन दोन. आषाढी पौर्णिमेपासून पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूनं फिरायचं नाही, एका जागी राहायचं, हा वर्षावासाचा नेम. केवढा कडक! तरी त्यात सवड ठेवलेली होती. आईवडील आजारी आहेत, बरोबरचा भिक्षू आजारी आहे, अशी कारणं असली तर जायचं आणि सात दिवसांच्या आत परत यायचं. वर्षावास मोडला असं धरत नसत.

मामा: ती सवड झाली. मोडल्यावर काय?

भाची: तेही ठरलेलं होतं. दर पंधरा दिवसांनी, पौर्णिमा-अमावास्येला सगळ्यांनी एकत्र जमायचं आणि नियम म्हणायचे. थेरवादी परंपरेत ते दोनशे सत्तावीस आहेत. कोणाच्या हातून काही चुकलं असेल तर त्यानं ते सांगायचं. सांगितलं की पुढे चालू. चुकणारच नाही असं धरून तो नेम बांधलेला नव्हता. चुकशील, मग काय करायचं ते आधीच ठरवून बांधलेला होता.

मामा: सगळ्याच चुकांना माफी होती का?

भाची: नाही. चार चुकांना नव्हती. ब्रह्मचर्य मोडणं, चोरी, माणसाची हत्या, आणि अंगी नसलेल्या सिद्धीची खोटी बढाई. त्या चारांत सापडला की संघाबाहेर.

मामा: बघ. चार ठिकाणी दार बंदच होतं. तंबाखू मी त्या चारांत धरतो.

भाची: तुमच्यापुरती धरा, मी हात जोडते. पण दोनशे सत्तावीसच्या दोनशे सत्तावीस चुका त्या चारांत घातल्या असत्या, तर विहारात राहिलं कोण असतं? आणि मामा, वर्षावास संपताना आणखी एक गोष्ट व्हायची, पवारणा. तीन महिने एकत्र राहिलेल्यांनी एकमेकांना विचारायचं, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं असेल तर सांगा. बुद्धांनी स्वतःसुद्धा भिक्षूंना तसं विचारल्याचं सुत्तात आहे.

मामा: स्वतः विचारलं?

भाची: स्वतः. माझ्या वागण्या-बोलण्यात काही दोष दिसला का म्हणून.

मामा यावर बराच वेळ गप्प राहिले आणि मग एकदम नंदाची गोष्ट सांगू लागले. इतकी वर्षे गाइड लोकांच्या तोंडून ऐकलेली असल्याने ती त्यांना पाठ आहे. नंद हा बुद्धांचा सावत्र भाऊ. त्याचे लग्न होत असतानाच बुद्ध घरी आले, आपले भिक्षापात्र त्याच्या हातात दिले आणि चालू लागले. पात्र परत घ्या म्हणायची नंदाला भीड पडली, तो मागोमाग विहारापर्यंत गेला. भिक्षू होतोस का, असे विचारल्यावर नाही म्हणायचीही भीड पडली. अंगावर चीवर चढले आणि मन बायकोपाशी राहिले. तेव्हा बुद्धांनी त्याला स्वर्गातल्या अप्सरा दाखवल्या आणि नेम पाळलास तर या मिळतील म्हणून सांगितले. त्या आशेने नंद साधना करू लागला. हे कळल्यावर बरोबरचे भिक्षू त्याला मजुरीवर ठेवलेला गडी म्हणू लागले. त्याला लाज वाटली, आणि त्यानंतर जी साधना त्याने केली ती खरी झाली.

मामा: भिडेपोटी घेतलेला नेमसुद्धा फळाला येतो, सोडला नाही तर. मी हे मुद्दाम सांगतोय. आमच्या पोरानं तर आपण होऊन घेतला होता.

भाची: मला यात वेगळंच दिसतं. नंद मनाच्या जोरावर राहिला नाही. आधी भीड होती, मग लालूच, मग लाज. तीन वेगळ्या कारणांनी तो राहिला, आणि चौथं, खरं कारण त्याला राहता राहता सापडलं. पहिल्याच दिवशी त्याला कोणी विचारलं असतं की तुझा निश्चय पक्का आहे का, तर तो रडत घरी गेला असता. बरोबरच्यांनी टोमणे मारले खरे, पण बोलणं बंद नाही केलं.

सोळा नंबरच्या लेण्यात ही कथा रंगवलेली आहे. लोक तिथे गर्दी करतात ते नंदाला पाहायला नव्हे, तर 'मरणासन्न राजकन्या' म्हणून नाव पडलेल्या चित्रासमोर. ती नंदाची बायको. नवरा आता परत येत नाही, त्याचा मुकुट तेवढा घरी आला, आणि ती कोसळली आहे. मान कलंडलेली, बोटे सैल पडलेली, आधार द्यायला आलेल्या सख्यांच्या डोळ्यांत धास्ती. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रकाराने नेम घेणाऱ्याच्या घरात काय झाले ते इतक्या मायेने रंगवावे, याचे मला फार मोल वाटते. नेमाच्या गोष्टी आपण नेहमी नेम घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. त्याची किंमत घरातल्या दुसऱ्याच कोणीतरी भरलेली असते.

आणि हे मी मनात म्हणतो आहे तोच, दारात बसून सगळे ऐकत असलेल्या मामी बोलल्या.

मामी: यांनी सोडली तेव्हा पहिले दोन महिने या घरात ताट आपटल्याशिवाय जेवण झालं नाही. ते कोणी धरत नाही.

मामा: तेव्हा तसं व्हायचंच.

मामी: झालं त्याबद्दल मी बोलत नाही. पण पोरगा तेव्हा शाळेत होता. तंबाखू सोडणं म्हणजे घरात आरडाओरडा, एवढंच त्याला माहीत. आता त्यानं सोडली तेव्हा चिडचिड करायला नको म्हणून दुकानातच थांबायचा रात्री. आणि दुकानाला लागून टपरी.

भाची: हे मला दादा बोलला नव्हता.

मामी: मलाही नाही बोलला. मी बघते ना.

भाची: मामी, आणि तुमची मिश्री?

मामी: सकाळी एकदा, दुपारी एकदा. तव्यावर मीच भाजते. मला कोणी सोड म्हणालंच नाही. बायकांची मिश्री तंबाखूत धरत नाहीत.

भाची: धरतात. ती तंबाखूच आहे, भाजलेली.

मामा चमकले. माझ्या मते त्या संध्याकाळी खरी उलथापालथ झाली ती इथे. स्वतःची सुटली म्हणजे घरातली तंबाखू गेली, असे ते इतकी वर्षे समजत होते. रोज सकाळी तव्यावरून येणारा तो वास त्यांच्या हिशेबातच नव्हता, आणि मुलगा लहानपणापासून त्याच वासात वाढला होता.

मामा: पण मला एक सांग. किती दिवस लागतात? एकवीस दिवस म्हणतात ना?

भाची: एकवीसचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६०च्या पुस्तकात लिहिला. बदललेला चेहरा अंगवळणी पडायला पेशंटला निदान इतके दिवस लागतात, असं त्याला दिसलं होतं. लोकांनी 'निदान' गाळलं आणि एकवीस ठेवलं. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांना बारा आठवडे पाहिलं. नवी सवय अंगी मुरायला सरासरी ६६ दिवस लागतात, कोणाला अठरा, कोणाला अडीचशेच्या वर, असा त्यांचा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही.

मामा: हे त्याला सांगू नकोस. एक दिवस चुकला तर चालतं म्हटलं की तो रोज एक दिवस चुकेल.

भाची: यात तुमचं खरं आहे. ते लोक पाणी पिणं, फळ खाणं, चालायला जाणं असल्या सवयी लावत होते. तंबाखू सोडणाऱ्याची गोष्ट वेगळी. एक पुडी म्हणजे सगळी तलफ पुन्हा जागी. आमच्याकडे त्याला स्लिप म्हणतात, आणि स्लिप झाली की आम्ही धावपळ करतो. पण धावपळ करायची तर त्यानं येऊन सांगायला पाहिजे. ज्याला बोलणी खायची भीती आहे तो सांगत नाही, लपवतो. मग एकाची दहा होतात आणि आपल्याला कळतं ते महिन्यानं.

मामा: म्हणजे चालतं असं म्हणायचं नाही, आणि ओरडायचंही नाही.

भाची: हां. मुक्तांगणमध्ये, पुण्याला, अनिता अवचटांनी १९८६ साली हे काम सुरू केलं तेव्हापासून 'फक्त आजचा दिवस' हेच शिकवतात. दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचं ते जुनं सूत्र आहे. जन्मभराचं ओझं एकदम उचलायला लावत नाहीत, पण आजच्या दिवसात 'शक्यतो' चालत नाही. तुमचं आणि माझं दोन्ही त्यात आहे, बघा.

मामा: मग आषाढी एकादशीला घेऊ दे त्याला पुन्हा.

भाची: चातुर्मासाचा घेऊ द्या. कार्तिकीपर्यंत.

मामा: चार महिन्यांचा? आणि मग मोकळा?

मामी: मी दर चातुर्मासात वांगं सोडते, कांदा-लसूण सोडते. तेव्हा मला कोणी जन्मभराचं विचारत नाही. कार्तिकीला बघू ना. मीही घेते त्याच्याबरोबर.

भाची: मामी, खरंच?

मामी: तो एकटा कशाला? पण डोकं दुखेल, हे माहीत आहे मला.

भाची: पहिले दोन-तीन दिवस जास्त. मग दोन ते चार आठवड्यांत ओसरत जातं. तलफ आली की पाच-दहा मिनिटं काढायची, पाणी प्यायचं, उठून कुठेतरी जायचं. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी सरकारचा फुकट नंबर आहे, १८००-११-२३५६, तो मी भिंतीवर लिहून ठेवते. दादाला दुकान बंद करायची गरज नाही. टपरीकडची बाजू फळी लावून झाकायची आणि बसायची जागा दुसऱ्या टोकाला घ्यायची. शेजाऱ्याला तुम्ही स्वतः जाऊन सांगायचं मामा, चार महिने हात पुढे करू नका म्हणून. तुमच्या गळ्यातल्या माळेकडे बघून तो ऐकेल.

मामा: सांगतो. उद्याच सांगतो.

भाची: आणि एक वही. घेतली गेलीच, तर किती वाजता, कुठे, बरोबर कोण होतं, एवढं लिहायचं. का घेतली ते लिहायचं नाही. 'का'ला माणूस खोटं बोलतो. वेळ बघितली की आपोआप कळतं, दुपारची आहे की जेवणानंतरची, आणि मग त्या वेळेचं काहीतरी करता येतं. रोज रात्री वही तुम्ही बघायची.

मामा: मी बघायची?

मामी: आधी मला सांगा, त्यानं खाल्ली म्हणून लिहिलं तर तुम्ही काय म्हणणार?

मामा: (बऱ्याच वेळाने) किती वाजता, एवढंच विचारीन.

मामी: आणि मी लावली म्हणून लिहिलं तर?

मामा: तेच.

मामी: आणि तुम्ही ओरडलात तर?

मामा: तर तुम्ही दोघांनी त्याच वहीत लिहायचं. वेळ घालून.